मधुमेह आणि उन्हाळ्याचा घाम

उन्हाळा म्हटला कीं घाम आलाच, आणि घाम आला म्हणजे त्याचें कारण उन्हाळाच, असें आपण सहज धरून चालतों. निरोगी माणसाच्या बाबतींत हें फारसें चुकत नाहीं. परंतु ज्याला मधुमेह जडला आहे त्याच्या घामाचा अर्थ इतका सरळ नसतो. हा भेद मला पुस्तकांतून ठाऊक होता. पटला तो मात्र गेल्या वर्षीं उत्तम शुक्रवारीं, आणि तोहि आपल्याच शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थिनीमुळें. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, हा लेख मुख्यतः तुमच्यासाठीं लिहीत आहें.

मला मधुमेह होऊन सहा वर्षें झालीं. सकाळीं न्याहारीपूर्वीं एक गोळी घ्यावी, असा डॉक्टरांनीं नेम घालून दिला आहे. त्या दिवशीं माझा उपास होता. उपास मीं पाळला, पण हाताच्या संवयीनें गोळीहि घेतली. दुपारीं बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना, एप्रिल महिना, मंदिर माणसांनीं भरलेलें, पंखे फिरत होते ते तापलेली हवा इकडून तिकडे लोटण्यापुरतेच. दोनच्या सुमारास माझ्या कपाळावर घाम फुटला. सभोंवार सर्वांनाच घाम येत होता, त्यामुळें मला त्याचें कांहीं वाटलें नाहीं. पुढें हात कांपूं लागले, गीतांच्या पुस्तकांतील अक्षरें पुसट झालीं, आणि शेजारच्या गृहस्थांनीं विचारलेल्या साध्या प्रश्नास मीं भलतेंच उत्तर दिलें. मंडळींनीं मला बाहेर लिंबाच्या सांवलींत आणून बसविलें, वारा घातला, पाणी पाजलें. "उन्हाचा त्रास झाला," असें सर्वांचें एकमत झालें. घाम मात्र थांबेना. इतक्यांत ही मुलगी पुढें आली. तिनें माझ्या हाताला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "सर, तुमचा हात थंडगार लागतोय. सकाळी गोळी घेतली होती का? आणि काही खाल्लंय का?" मी उत्तर देण्याच्या स्थितींत नव्हतों, उत्तर माझ्या पत्नीनें दिलें. मुलगी धांवत शेजारच्या घरीं गेली आणि पेलाभर साखरेचें पाणी घेऊन आली. पंधरा-वीस मिनिटांत मी ताळ्यावर आलों. तिच्या आजीला मधुमेह असून असा प्रसंग त्यांच्या घरीं दोनदां आला होता, हें तिनें मागाहून सांगितलें. मी शाळेंत विज्ञान शिकवितों, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आपल्या देशांत मधुमेह असलेल्या माणसांची संख्या १० कोटींहून अधिक आहे. तेव्हां तुमच्या वर्गांत प्रत्येक दोन-तीन बांकांमागें असा एखादा विद्यार्थी असेलच, कीं ज्याचे आजोबा, आजी, वडील किंवा आई हा आजार वागवीत आहेत.

प्रथम साध्या घामाचें पाहूं. आपल्या शरीराची उष्णता ३७ अंश सेंटिग्रेडच्या आसपास राहावी अशी निसर्गाची योजना आहे. बाहेरची हवा त्याहून अधिक तापली कीं शरीराला थंड होण्याचा मार्ग एकच उरतो, तो घामाचा. घाम नुसता येऊन भागत नाहीं. तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला म्हणजे सुमारें ५८० किलोकॅलरी इतकी उष्णता बरोबर घेऊन जातो. माठांतलें पाणी गार होतें तें याच नियमानें. आपलें संगमनेर प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेलें असलें तरी पर्जन्यछायेच्या प्रदेशांत आहे, आणि येथील एप्रिल-मेची हवा कोरडी असते. पारा ४० च्या घरांत गेला तरी सदरा फारसा भिजत नाहीं, कारण घाम येतो न येतो तोंच वाळतो. संध्याकाळीं पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसते, तेवढीच काय ती खूण. त्यामुळें आपल्या अंगांतून किती पाणी गेलें याचा येथील माणसास अदमासच लागत नाहीं. तुमच्यापैकीं जे सुटींत मुंबईकडे जातात त्यांना उलट अनुभव येतो. तेथें हवा दमट, म्हणून घाम नुसता वाहतो. वाळत नाहीं, आणि अंग निवत नाहीं. नवी मुंबईंत खारघर येथें १६ एप्रिल २०२३ रोजीं उघड्या मैदानावर झालेल्या समारंभांत उष्माघातानें १४ माणसें दगावलीं, त्या दिवशीं पारा ४० पर्यंतहि चढलेला नव्हता.

आतां मधुमेही माणसाकडे वळूं. रक्तांतली साखर दर १०० मिलिलिटरला सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली कीं मूत्रपिंडांना ती अडवून धरतां येत नाहीं. ती मूत्रांतून बाहेर पडते, आणि जातांना पुष्कळ पाणी बरोबर ओढून नेते. म्हणून साखर वाढलेल्या माणसास वारंवार लघवीस जावें लागतें. म्हणजे उन्हाळ्यांत त्याच्या घागरीला दोन भोंकें पडतात : एक त्वचेचें, दुसरें मूत्रपिंडांचें. पाणी कमी झालें कीं तेवढीच साखर थोड्या पाण्यांत राहते आणि तिचें प्रमाण आणखी चढतें. तें चढलें कीं लघवी आणखी वाढते. तहान लागेल तेव्हां पिऊं असें म्हणून चालत नाहीं, कारण वय झालेल्या माणसाची तहान मंद झालेली असते.

दुसऱ्या जातीचा घाम तो माझा. तो उष्णतेचा नव्हे, साखर उतरल्याचा. रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेली कीं मेंदूचें अन्न तुटण्याचा धोका उत्पन्न होतो, आणि शरीर धोक्याची घंटा वाजवितें. अंगाला दरदरून घाम सुटतो, छातींत धडधडतें, हातपाय कांपतात, भूक लागते, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलूं लागतो. मधुमेहाच्या सर्वच गोळ्यांनीं असें होतें असें नाहीं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांनीं होऊं शकतें. उन्हाळ्यांत हा धोका वाढतो. उकाड्यानें जेवण जात नाहीं, पण औषध मात्र तितकेंच पोटांत जातें. शिवाय इन्शुलिन टोचणाऱ्यांच्या बाबतींत आणखी एक कारण आहे : उष्णतेनें त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळें टोचलेलें इन्शुलिन नेहमींपेक्षां लवकर रक्तांत उतरतें.

हे दोन घाम ओळखावे कसे? उन्हाचा घाम सांवलींत बसल्यानें, वाऱ्यानें व पाण्यानें हळूहळू ओसरतो. साखरेचा घाम ओसरत नाहीं. तो सांवलींत काय, पहांटे अंथरुणांत काय, कोठेंहि येतो. त्या घामानें अंग गार व चिकट लागतें, आणि त्याच्या जोडीला कांप व घाबरेपणा असतो. रक्तदाबासाठीं अगर हृदयासाठीं कांहीं रोगी ज्या विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनीं कांप आणि धडधड हीं लक्षणें झांकलीं जातात. परंतु घाम झांकला जात नाहीं. अशा माणसाच्या बाबतींत घाम हीच काय ती हांक उरते, म्हणून ती उन्हाच्या नांवावर घालून मोकळें होऊं नये. घरीं ग्लुकोमीटर असल्यास बोटांतून थेंबभर रक्त काढून लगेच पाहावें. नसल्यास, व माणूस शुद्धीवर असून गिळूं शकत असल्यास, तीन लहान चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटें थांबावें, आणि उतार न पडल्यास पुन्हां तितकीच द्यावी. बरें वाटल्यावर पोळी-भाजीसारखें कांहीं खावयास द्यावें. चुकून एकवार अधिक साखर दिली गेली तर तिची हानि थोडी. न दिल्यानें प्राण जाऊं शकतो. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहींएक घालूं नये. त्याला कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उपासाविषयीं मीं पुढें डॉक्टरांस विचारलें. ते म्हणाले, "उपास धरायचा असेल तर आठवडाभर आधी मला भेटा, गोळी केव्हा आणि किती, ते ठरवू. आपल्या मनानं गोळीही सोडू नका आणि जेवणही." चैत्रांतले उपास असोत, उन्हाळ्यांत आलेला रमजान असो कीं आमचा उत्तम शुक्रवार, गोष्ट एकच आहे.

तिसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, ती म्हणजे घाम न येणें. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली कीं मज्जातंतु झिजतात. आणि जे सर्वांत लांब, म्हणजे पावलांपर्यंत पोंचणारे, ते प्रथम. घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे तंतूहि त्यांतच येतात. मग पावलें कोरडीं पडतात, टांचांना भेगा पडतात, आणि त्याची भरपाई म्हणून डोकें, मान व छाती यांवर मात्र अतोनात घाम येतो. कांहींना तर जेवावयास बसतांच तोंडावर व मानेवर घामाच्या धारा लागतात. घरांतील मंडळी तिखटाला दोष देतात. अंगाचा मोठा भाग घाम देईनासा झाला म्हणजे शरीर निवण्याची सोय अपुरी पडते, आणि असा मनुष्य उष्माघाताला लवकर बळी पडतो. उष्माघातांत अंगाची उष्णता ४० अंशांच्या वर जाते, त्वचा तापते, कधीं अगदीं कोरडी असते, आणि माणूस भ्रमिष्टासारखा होतो. तेव्हां रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याला सांवलींत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडीत वारा घालावा.

इन्शुलिनचा शोध टोरांटो येथें १९२१ सालीं लागला. त्यापूर्वीं मधुमेह्यांनीं उन्हाळे कसे काढले असतील, असें मनांत आलें म्हणजे मला लोकमान्य टिळकांची आठवण होते. त्यांना मधुमेह होता, आणि १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगांत गेले. मंडाले हें ब्रह्मदेशाच्या रुक्ष व तापट भागांत आहे. त्यांची कोठडी लाकडी गजांची होती. पुढें त्याच तुरुंगांत राहिलेल्या सुभाषचंद्र बोस यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, त्या गजांनीं ना ऊन अडे ना धूळ. हातीं साधन म्हणजे मुख्यतः पथ्य. 'गीतारहस्य' लोकमान्यांनीं १९१० च्या नोव्हेंबरांत हातीं घेतलें व १९११ च्या मार्चअखेर पुरें केलें, म्हणजे लेखनाचे महिने हिवाळ्याचे होते. त्यामागें हवामानाचा हिशेब होता असें मी म्हणत नाहीं. परंतु मधुमेह्यानें श्रमाचें काम गार वेळेस उरकावें, हें आजहि तितकेंच खरें आहे. शेतावर जाणाऱ्यांनीं तें सकाळीं दहापूर्वीं संपवावें.

पिण्याविषयीं थोडें. सर्वांत उत्तम तें साधें पाणी, तहानेची वाट न पाहतां थोडथोडें. त्याच्या खालोखाल पातळ ताक. रक्तदाब वा मूत्रपिंडांचा विकार नसेल तर त्यांत चिमूटभर मीठ चालतें. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडांच्या विकारामुळें पाणी मोजून पिण्यास सांगितलें आहे, त्यांनीं आपलें माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनींहि उन्हाळ्याच्या आरंभीं एकवार विचारावें. गुळाचें पन्हें आणि थंड बाटल्यांतील गोड पेयें हीं तहान भागविण्यासाठीं नव्हेत. राहतां राहिला उसाचा रस. आपला तालुका उसाचा. उन्हाळ्यांत रस्त्यारस्त्यावर रसवंतीची घुंगरें वाजतात, आणि पाहुण्याला रस न पाजणें हा येथें अपमान समजतात. तरी मधुमेह्यानें नाहीं म्हणण्यास शिकलें पाहिजे. अपवाद एकच : साखर उतरली असतां जवळ दुसरें कांहीं नसेल तर तोच रस औषध होतो.

पावलांची काळजी स्वतंत्रपणें सांगावी लागते, कारण तेथें घामाबरोबर संवेदनाहि गेलेली असते. दुपारीं देवळाच्या फरशीवरून किंवा अंगणांतून अनवाणी चालल्यास पाय भाजतो आणि माणसास कळतहि नाहीं. रात्रीं फोड दिसतो, तो चिघळतो, आणि कधीं कधीं पाय गमावण्याची पाळी येते. रोज रात्रीं तळवे पाहावेत. म्हाताऱ्या माणसांना वांकून पाहतां येत नाहीं व नीट दिसतहि नाहीं; हें काम नातवंडांनीं करावें. त्यास दोन मिनिटें लागतात.

शेवटीं इन्शुलिन. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावयाची असते. बर्फाला चिकटूं द्यावयाची नाहीं, कारण गोठलेलें इन्शुलिन निकामी होतें. वापरांत घेतलेली कुपी खोलीच्या उष्णतेंत साधारण चार आठवडे टिकते, परंतु ती खोली आपल्या मे महिन्यांतील पत्र्याची खोली नव्हे. वीज नसेल तेथें जुनी युक्ति कामास येते : एका मोठ्या मातींच्या भांड्यांत ओली वाळू घालून त्यांत लहान मडकें बसवावें, कुपी कोरड्या पिशवींत घालून त्या मडक्यांत ठेवावी, वर ओलें फडकें टाकावें. आपल्या कोरड्या हवेंत अशीं मडकीं चांगलीं गार राहतात. दमट कोंकणांत तितकीं राहणार नाहींत. केनियांतील निर्वासितांच्या छावणींतील तापमान लक्षांत घेऊन केलेला एक अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत २५ ते ३७ अंशांत चार आठवडे ठेवलेल्या इन्शुलिनचा गुण टिकून राहिल्याचें आढळलें. यावरून मडक्याची युक्ति भाबडी नाहीं हें दिसतें. पण मोटारसायकलच्या डिकींत अगर एस.टी.च्या खिडकीपाशीं उन्हांत राहिलेली कुपी याहून कितीतरी अधिक तापते. स्वच्छ दिसणारें इन्शुलिन गढूळ झालें, किंवा त्यांत गुठळ्या दिसूं लागल्या, किंवा नेहमींचेंच माप घेऊनहि साखर अकारण चढूं लागली, तर ती कुपी टाकून नवी आणावी.