संगीत महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर

बारावीनंतर संगीताचेच शिक्षण घ्यावे आणि पुढे संगीतशिक्षक व्हावे, अशी मनीषा बाळगणारे विद्यार्थी आमच्या शाळेत दरवर्षी दोन-चार तरी निघतात. प्रवेशासाठी त्यांना गायनाची वा वादनाची चाचणी द्यावी लागते आणि कित्येक ठिकाणी अर्जासोबत 'मला हे शिक्षण का हवे?' असे निवेदनही लिहावे लागते. या दोहोंची तयारी कशी करावी, याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

वडोदरेकरांना हा विषय परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. १९१६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली. गुरुगृही राहून मिळणारी विद्या वर्गात बसूनही शिकता यावी, यासाठी या मंडळींनी स्वरलिपी सिद्ध केली आणि पाठ्यपुस्तके रचली. संगीतशिक्षक होऊ इच्छिणारा विद्यार्थी याच परंपरेच्या दाराशी उभा असतो.

प्रथम चाचणीचा विचार करू. पुष्कळ विद्यार्थी अवघड राग निवडतात आणि द्रुत तानांवर सारी भिस्त ठेवतात. आमच्या मते ही चूक होय. परीक्षकांना उमेदवाराचे पांडित्य मोजायचे नसते. त्याचा कान आणि त्याची शिकण्याची पात्रता पाहायची असते. यास्तव भूप किंवा यमन यांसारखा नित्य सरावातला राग घ्यावा. पण तो जाणून घ्यावा. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. तरीही भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी, तर देशकारात धैवत वादी आणि गंधार संवादी. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. केवळ स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे ज्याला गाऊन दाखविता आले, त्याने साध्या रागातही पुष्कळ मिळविले.

लयीचेही तसेच. तीनतालाच्या सोळा मात्रा पाठ असणे पुरेसे नाही; १, ५ व १३ या मात्रांवर टाळी आणि ९ व्या मात्रेवर खाली दाखवीत बंदीश म्हणता आली पाहिजे. परीक्षकाने गायिलेले स्वर ऐकून ते ओळखण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे मित्राच्या साह्याने करावा. तानपुऱ्यावर षड्ज लावून दीर्घ स्वर भरावेत. आपले गाणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. गाताना न जाणवलेले दोष तेव्हा स्पष्ट कळतात.

आता निवेदनाविषयी. आमच्या गायनवर्गातील एका विद्यार्थिनीचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. तिचे पहिले निवेदन 'संगीत ही ईश्वरी देणगी आहे' अशा भारदस्त वाक्यांनी भरलेले होते. त्यात ती स्वतः कोठेच नव्हती. 'तू कधी कोणाला गाणे शिकविले आहेस काय?' असे विचारताच ती संकोचली. स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुलांना स्वागतगीत शिकविण्याचे काम तिच्याकडे होते. मुले वरच्या सुरांत पोचेनात. ती त्यांच्यावर रागावली, दोघांना तर तिने वर्गाबाहेर काढले. घरी गेल्यावर तिच्या ध्यानात आले की, या वयात मुलांचे आवाज फुटतात आणि आपण गीत स्वतःच्या पट्टीत धरले होते. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी खाली आणली, त्या दोघांना पुन्हा बोलावले आणि गीत बसले.

हा प्रसंग म्हणजे आपली नाचक्की, अशी तिची समजूत होती. आम्ही तिला नेमके हेच लिहावयास सांगितले. शिकणाऱ्याची अडचण शोधताना आपली चूक सापडली आणि ती आपण सुधारली, याहून शिक्षकाच्या पात्रतेचा अधिक बोलका पुरावा कोणता असणार? तिने तो प्रसंग साध्या शब्दांत, काही न लपविता, एका पानात लिहिला. तिला प्रवेश मिळाला. तो केवळ निवेदनामुळे मिळाला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मुलाखतीत तिला त्याच प्रसंगावर प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे तिला शोधावी लागली नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, उसने वाक्य आणि उसनी तान यांची गत सारखीच. पहिल्याच प्रश्नाला दोन्ही उघडी पडतात. प्रत्येक संस्थेचे नियम निराळे असतात. म्हणून तिचे माहितीपत्रक आधी वाचावे, तयारीला निदान सहा महिने द्यावेत आणि मग जे आपले आहे, तेच घेऊन निर्भयपणे परीक्षकांसमोर बसावे. तुमचा षड्ज स्थिर लागो, हीच आमची सदिच्छा!