दोन अपाचे आणि मेसचे खाडे

मेसचा खाडा म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या 18 जणींचे खाडे लिहायला मी एक छोटं रजिस्टर बनवलं. माझा जुना पीसी, त्यावर उबुंटू आणि त्यावर झॅम्प. झॅम्प म्हणजे अपाचे, मारियाडीबी, पीएचपी आणि पर्ल यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. एकदा बसवलं की वेबसाइट चालू! दोन महिने मस्त चाललं.

मग एका रात्री भोरला धो-धो पाऊस आणि लाईट गायब. (भाटघर भरायच्या दिवसांत यात नवीन काही नाही.) सकाळी पीसी चालू केला तर रजिस्टरच्या जागी अपाचेचं कोरं स्वागताचं पान! डेटाबेस उघडला, तोही रिकामा. महिनाअखेर दोन दिवसांवर. खाडे गेले म्हणजे 18 जणींचे पैसे गेले, आणि तेही माझ्यामुळे.

खरं तर काहीच गेलं नव्हतं. मध्यंतरी एका असाइनमेंटसाठी मीच उबुंटूच्या भांडारातून, म्हणजे ॲप्टने, अपाचे आणि मायएसक्यूएल बसवलं होतं. पोर्ट 80 झॅम्पने आधीच अडवलेला, म्हणून तो दुसरा अपाचे तेव्हा सुरूच झाला नाही. मी दुर्लक्ष केलं. पण ॲप्टने बसवलेला सर्व्हर मशीन चालू झाल्यावर आपोआप उठतो. झॅम्पला हाताने उठवावं लागतं. लाईट आली, सिस्टिमचा अपाचे पहिला उठला आणि पोर्टवर जाऊन बसला. डेटाबेसही दोन, त्यांचे फोल्डर वेगळे. मी भलत्याच घरात खाडे शोधत होते!

तर आता मुख्य प्रश्न: सर्व्हर सिस्टिमबरोबरचा घ्यावा की वेगळा बसवावा?

मेसचंच उदाहरण घ्या. मेसमध्ये भाजी आपल्या आवडीची नसते, पण सिलिंडर संपला तर धावाधाव दुसऱ्याची. रूमवर स्टोव्ह ठेवला तर हवं ते करून खा, पण रॉकेलपासून भांडी घासण्यापर्यंत सगळं आपल्याच गळ्यात.

ॲप्टचं पॅकेज म्हणजे मेस. उबुंटू 24.04 मध्ये पीएचपी 8.3 मिळतं. नोव्हेंबर 2024 मध्ये 8.4 आलं तरी तिथे 8.3च राहतं. जुनं वाटतं ना? पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत येत राहतात. 2014 साली ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ ही मोठी चूक सापडली, तेव्हा डेबियनने 1.0.1ई हा आकडा तसाच ठेवून आतली चूक दुरुस्त केली. एक अपडेट केलं की ती लायब्ररी वापरणारे सगळे प्रोग्रॅम नीट. फक्त ते पुन्हा सुरू करायचे. ज्या गाठोड्यात ओपनएसएसएलची स्वतःची प्रत असते, तिथे हे काम गाठोडं बसवणाऱ्याचं.

झॅम्प वाईट नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये मूडलच्या पाठांत तेच वापरलं आहे. शिकायला, सबमिशनला उत्तम. पण बनवणारे स्वतःच सांगतात की ते डेव्हलपमेंटसाठी आहे. डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्डसुद्धा नसतो!

मेसवाला मेन्यू बदलू शकतो, हेही खरं. ॲपलने 2021 च्या मॅकओएस मॉन्टेरेमधून पीएचपी काढून टाकलं आणि एप्रिल 2022 मध्ये मॅकओएस सर्व्हरही बंद केला. त्याच्या भरवशावर बसलेल्यांना वेगळी सोय बघावी लागली. म्हणून ‘सोबत आलंय’ एवढ्यावर जाऊ नका. ते किती वर्षं सांभाळणार, हे आधी वाचा. उबुंटूची एलटीएस आवृत्ती 5 वर्षं सांभाळली जाते.

माझं मत असं. सर्व्हर फक्त तुमच्या लॅपटॉपवर आणि सेमिस्टरपुरता असेल तर झॅम्प बिनधास्त वापरा. दुसरं कोणी त्यावर अवलंबून असेल तर ॲप्ट. नवीन आवृत्तीवाचून अडलंच तर वेगळं बसवा, पण अपडेट कोण करणार त्याचं नाव आधी ठरवा. आणि काहीही करा, एका मशीनवर दोन्ही नकोत. पोर्ट 80 वर कोण बसलंय ते ‘एसएस’ कमांड दाखवते.

मी काय केलं? सिस्टिमचा अपाचे थांबवला, झॅम्प उठवलं, डेटाबेसचा डम्प घेतला, तो मायएसक्यूएलमध्ये भरला आणि सगळे खाडे वहीशी ताडून पाहिल्यावरच झॅम्प काढलं. हिशोब वेळेत लागला. पुढच्या वर्षी मी इथे नसेन, रजिस्टर मात्र असेल. ज्युनिअरला सकाळी सकाळी ते कोरं पान दिसू नये, एवढंच!