पदरातल्या वाटा

महाराष्ट्रातील डोंगरभटकंती दुर्गभ्रमणातून वाढली, आणि त्यामुळे वाटेचे मोल तिच्या चढावरून ठरवण्याची सवय या भटकंतीला पहिल्यापासून जडली. गडाचा माथा हे ठरलेले ठिकाण असल्याने पायथा आणि माथा यांच्यामधले रान बहुतेकांच्या लेखी केवळ ओलांडून जाण्याचे अंतर राहिले. ज्या वाटांना माथाच नाही, ज्या ओढ्याच्या काठाने किंवा गर्द झाडीतून सपाटीने जातात, त्यांची वर्णने मराठी प्रवासलेखनात गडांच्या मानाने फारच थोडी आढळतात. अशा वाटा सह्याद्रीत कमी आहेत असे मात्र नाही, उलट या पर्वताची घडणच त्यांना अनुकूल आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. या थरांपैकी जे कठीण होते त्यांचे उभे कडे राहिले आणि जे ठिसूळ होते ते झिजून दोन कड्यांच्या मध्ये रुंद, जवळजवळ सपाट पट्टे निर्माण झाले. अशा पट्ट्याला डोंगरातले लोक पदर म्हणतात, आणि भीमाशंकरच्या कोकणाकडील उतारावर पदरवाडी नावाची वस्तीही आहे. वरच्या कड्यावरून वाहून आलेली माती पदरात साचते, पाणी तिथे मुरते आणि म्हणून झाडी तिथे सर्वांत दाट असते. गुरे चारणाऱ्यांनी आणि हिरडा गोळा करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या पायवाटा व ढोरवाटा बहुधा याच पट्ट्यांतून जातात, कारण ओझे घेऊन रोज चालणारा माणूस चढ टाळतो. हौशी गिर्यारोहकाला कमीपणाची वाटणारी सोपी वाट ही डोंगरात राहणाऱ्यांची पहिली पसंती होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सोपी कशाला म्हणावे, याचा एक जुना ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडला : सपाटीवर दर 5 किलोमीटरला एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास जोडावा. थंड हवेच्या देशातले हे गणित कोकणातल्या दमट उन्हात अपुरे पडते, आणि लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर वेळ दीडपटीने वाढवलेली बरी. अंतर आणि चढ यांखेरीज आणखी एक गोष्ट इथे पाहावी लागते, ती म्हणजे मध्येच माघार घेण्याची सोय. या शेवटच्या कसोटीवर सोप्या म्हणवल्या जाणाऱ्या काही नामांकित वाटा उतरत नाहीत.

अंधारबनची वाट हे त्याचे ठळक उदाहरण. मुळशी तालुक्यातील पिंप्रीहून निघून कुंडलिकेच्या खोऱ्याच्या काठाकाठाने दाट झाडीतून हिर्डी गावात येणारी आणि पुढे भिऱ्याला उतरणारी ही वाट बारा-तेरा किलोमीटरांची आहे; चढ जवळजवळ नाही, सावली भरपूर, आणि उजेड इतका कमी की नावाचे कोडे राहत नाही. परंतु हिर्डी सोडले तर वाटेत वस्ती नाही, शेवटचा टप्पा गुडघ्यांची परीक्षा पाहणाऱ्या उताराचा आहे, आणि पावसाळ्यात आडवे येणारे ओढे दोन्ही बाजूंनी वाट अडवू शकतात. बहुतेक लोक तिथे जातात ते नेमके पावसाळ्यातच, ही त्यातली खरी अडचण. ज्याला मुळात सोपी वाट हवी आहे त्याने ही वाट हिवाळ्यात करावी, किंवा पिंप्रीकडून तास-दीड तास आत जाऊन मागे फिरावे.

याउलट फणसाडचे रान खऱ्या अर्थाने सोपे आहे, आणि रायगड जिल्ह्यातील इतर कोणत्याही वाटेपेक्षा अधिक वेळ त्याला देण्यासारखा आहे. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते आणि 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. नैसर्गिक पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावे असून अभयारण्याचे नावही त्यांपैकीच एकावरून आलेले आहे. इथल्या चालण्याचा क्रम एका गाणीकडून दुसऱ्या गाणीकडे असा असतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, अंजनीचा बुटका गर्द पाला आणि त्यांच्यावरून झाडाझाडांना जोडत गेलेली गारंबीची जाडजूड वेल हे या रानाचे ओळखीचे रूप. गारंबीची शेंग हातभराहून लांब वाढते आणि तिच्यातील तपकिरी, चपट्या, गुळगुळीत बिया पाण्यात तरंगत दूरवर जातात, त्यामुळे ओढ्याच्या काठी ही वेल हमखास दिसते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, इथे आणि भीमाशंकरला दोन्हीकडे आहे. तो दिसण्याआधी त्याचा खडखडीत आवाज ऐकू येतो, आणि बोलत चालणाऱ्यांना तो बहुधा दिसत नाही.

भीमाशंकरला भीमेच्या उगमाजवळून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी रानवाट छोटी आणि सावलीची आहे, मात्र श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे रान पाहण्याचा बेत करू नये. माथेरानबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते प्रकाशात आणले, आणि रुग्णवाहिका व मोजक्या ई-रिक्षा वगळता मोटारींना तिथे बंदी असल्याने सुमारे 800 मीटर उंचीवरचे हे सदाहरित रान जांभ्याच्या लाल वाटांवरून म्हाताऱ्या माणसालाही पाहता येते. मुंबईकरांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंड्याची ओढ्याकाठची वाट परवानगी आणि वाटाड्या घेऊन करण्यासारखी आहे, तर 1968 पासून पक्षी अभयारण्य असलेल्या कर्नाळ्यात हरियाल आणि मोरटाका या नावांच्या दोन आखीव वाटा आहेत, ज्यांच्याकडे पाठ फिरवून गर्दी थेट किल्ल्याकडे जाते. दक्षिणेकडे आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापर्यंतची वाट अगदीच लहान, पण तिथल्या पाण्यात सापडलेल्या एका नव्या माशामुळे 2021 मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात काणकोण तालुक्यातील खोतीगाव अभयारण्यात, तळपण नदीच्या खोऱ्यात, फलक लावलेल्या रानवाटा आहेत आणि त्या महाराष्ट्रातील बऱ्याच वाटांपेक्षा नीट राखलेल्या आहेत. विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात मात्र पर्यटकाला स्वैर पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

नदीकाठच्या वाटेचे एक शास्त्र आहे. पानगळीच्या रानात फाल्गुनानंतर सारे उघडेबोडके होते, तेव्हा करंज, उंबर, जांभूळ आणि वाळुंज यांची हिरवी रेघ जिथे दिसेल तिथे जमिनीखाली पाणी आहे असे समजावे. नदीच्या खडकाळ पात्रातच वाढणारे शेरणी नावाचे झुडूप पुरात आडवे होते पण उखडत नाही. त्याच्या आणि काठावरच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते पाहिले, की गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढले होते ते कळते. डोक्यावर पाऊस पडत नसतानाही घाटमाथ्यावर कोसळलेल्या सरींनी ओढा थोडक्या वेळात फुगतो. म्हणून वाटेची सुलभता ही वाटेपेक्षा महिन्यावर अधिक अवलंबून असते, आणि कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ त्या दृष्टीने उत्तम. पावसाळ्यात जळवा, तर उन्हाळ्यात गोचीड हा त्रास किरकोळ असला तरी धरून चालावा. आग्यामोहोळाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा मात्र कटाक्षाने टाळावा.

याच वाटांवर अनेक ठिकाणी देवराया लागतात. देवाच्या नावाने राखलेल्या या वनखंडांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात केला आणि त्यांचे महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणून दिले. वाळलेली काटकीही बाहेर न नेण्याचा दंडक जिथे गावाने पाळला, तिथे शेजारचे डोंगर बोडके होऊनही जुने वृक्ष टिकले. वाट तयार करण्याच्या नावाखाली अशा राईत सिमेंटचे ठोकळे बसवणे, कठडे उभारणे आणि मंदिराचा सभामंडप वाढवत नेणे हा अलीकडचा उत्साह वाट सोपी करत नाही, रान तेवढे कमी करतो. ओढ्यावर लाकडाचा साधा साकव पुरेसा असतो, आणि तो दरवर्षी बांधणारे हात गावात असतात. त्यांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे.

खर्च करायचाच तर तो पाट्यांवर व्हावा. लांबी किती, चढ किती, पिण्याचे पाणी कुठे, माघारी कुठून फिरता येईल आणि ओढा कोणत्या महिन्यांत ओलांडू नये, एवढी माहिती मराठीत देणारी पाटी प्रत्येक रानवाटेच्या तोंडाशी वनविभागाने लावावी, आणि ती जिथे नसेल तिथे जाऊन आलेल्या वाचकांनी संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे तशी लेखी मागणी करावी.