शेवटचा हात

दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही हस्तकलेच्या प्रदर्शनात डोकावा. एखाद्या टेबलावर बोटाच्या पेराएवढा वडापाव, केळीच्या पानावरचे पाच मोदक, तर्रीदार मिसळीची ताटली हमखास मांडलेली असते. कोणी त्याचं कीचेन करतं, कोणी फ्रिज मॅग्नेट, कोणी कानातले. बघणारे कौतुक करतात ते घडणीचं. माझ्या मते घडण हा या कामातला सोपा भाग आहे. वस्तू विकण्याजोगी होते ती नंतर, रंग आणि फिनिशिंगमध्ये. आणि तिथली चूक टेबलावर दिसतच नाही. ती दोन-तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या पर्समध्ये उघडी पडते.

याचं मूळ या वस्तू ज्यापासून घडवतात त्या पॉलिमर क्लेच्या घटकांत आहे. ही माती नव्हेच. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हे तेलकट द्रव्य आणि रंगद्रव्य, असं हे मिश्रण. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांची मुलगी सोफी, घरातली फिफी, हिने अशा मिश्रणावर बरेच प्रयोग केले. १९६४ मध्ये तिची कृती एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतली आणि त्यातून ‘फिमो’ बाजारात आलं. उष्णता मिळाली की पीव्हीसीचे कण एकमेकांत मिसळून जातात आणि वस्तू टणक होते. प्लास्टिसायझर मात्र उडून जात नाही, आतच राहतं. म्हणून वरून लावलेल्या प्रत्येक थराचं त्याच्याशी जमायला हवं.

आधी भाजणीचं बोलू. फिमो सॉफ्टला ११० अंश सेल्सिअस, प्रीमो या दुसऱ्या ब्रँडच्या क्लेला साधारण १३५, वेळ अर्धा तास. पाकिटावर लिहिलेलं पाळायचं. घरच्या ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक पडू शकतो, तेव्हा आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्याच. भाजणी कमी पडली तर वस्तू वरून ठीक दिसते आणि वाकवली की मोडते. फार तापली तर करपते आणि घातक वाफा सोडते. पांढरा रंग पिवळा पडू नये म्हणून वर ॲल्युमिनियम फॉइलचं सैल झाकण ठेवावं.

रंगकामाचा अर्धा भाग भाजणीच्या आधीच होतो. वड्याचंच घ्या. गोळा तपकिरी क्लेचा केला तर तो वडा वाटत नाही, ढेकूळ वाटतो. क्ले फिकट पिवळसर घ्यायची, जुन्या टूथब्रशने टोचून पृष्ठभाग खरबरीत करायचा. मग सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडून तिची पूड कोरड्या ब्रशने कच्च्या क्लेवर फिरवायची: आधी हळदी पिवळी सगळीकडे, मग तांबूस, शेवटी गडद तपकिरी, तीही फक्त उंचवट्यांवर. भेगा फिकटच ठेवायच्या, कारण कढईतल्या वड्याचे उंचवटे आधी तांबूस होतात. कच्ची क्ले ही पूड धरून ठेवते आणि भाजल्यावर ती पक्की बसते.

बाकीचं काम भाजणीनंतर ॲक्रिलिक रंगांनी. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोटांचं तेल काढावं, नाहीतर रंग गोळा होऊन सुटतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, पहिला वाळल्यावरच दुसरा. पावाच्या सुरकुत्यांत पाणी घातलेला तपकिरी रंग सोडून वरचा ओल्या फडक्याने टिपला की पावाला जान येते. सपाट पेंडंट असेल तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावं: ४००, मग ६००, मग १०००. ओलं घासल्याने धूळ नाकात जात नाही. नंतर जुन्या जीन्सच्या तुकड्यावर चोळलं तरी सुंदर तकाकी येते. वार्निशची गरजही लागत नाही.

आता चकाकी. घरात असते म्हणून पारदर्शक नेल पॉलिश फासणारे खूप आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. त्यातली द्रावकं क्लेवर हल्ला करतात, आणि वस्तू काही आठवड्यांनी चिकट होऊन धूळ, लोकरीचे तंतू, सगळं ओढून घेते. अनेक स्प्रे वार्निशांचंही तेच. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निश टिकतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ते सावकाश वाळतं, म्हणून थर पातळ ठेवावेत. तर्रीसाठी यूव्ही रेझिनला तोड नाही, पण न घट्ट झालेलं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घालूनच काम करावं. आणि सगळंच चकचकीत करू नये. गुलाबजाम चमकला पाहिजे, उकडीचा मोदक नाही. त्याला सॅटिन वार्निशचा एक हात पुरे, नाहीतर तो प्लॅस्टिकचा दिसतो.

कोणतंही नवं वार्निश विक्रीच्या मालावर आधी वापरू नये. त्याच क्लेचे दोन-चार तुकडे भाजून, वार्निश लावून एक खिडकीत आणि एक किल्ल्यांसोबत खिशात ठेवावा, आणि पुढचे काही महिने अधूनमधून बोट लावून बघावं. कीचेनच्या कडीचीही अशीच काळजी घ्यावी. स्क्रू पिन नुसती टोचली की ओढ बसल्यावर निघते. भाजल्यानंतर ती बाहेर काढून, गोंद लावून परत पिळून बसवावी.

घासणं, पुसणं, थरांमधलं थांबणं हा वेळ किमतीत धरलाच पाहिजे. बहुतेक जणी फक्त क्लेचा खर्च मोजतात आणि तोट्यात राहतात. आणि खाऊसारखी दिसणारी वस्तू लहान मूल तोंडात घालणारच. म्हणून प्रत्येक पाकिटातल्या कार्डावर ठळक अक्षरांत छापा: हे खेळणं नाही, तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवा, परफ्यूम आणि सॅनिटायझर लावू नका.