धार लावायला यंत्र कोणते घ्यावे?

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानात आपण हत्यार आणि हात यांच्या नात्याबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या प्रश्नांत एक अगदी रोकडा होता : रंध्याची पाती, पटाश्या आणि प्लेनर मशीनची लांब पाती, या सगळ्यांना धार लावणारं एकच चांगलं यंत्र कोणतं? आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, सुतारकाम हौसेपुरतं. तरी प्रश्न आम्हाला आवडला, कारण धार लावणं हे एकच काम आहे असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

आधी धार म्हणजे काय ते पाहू. दोन पृष्ठं जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. एक पृष्ठ उताराचं, दुसरं पाठीचं. लोक उतार घासत बसतात नि पाठ विसरतात. पाठीवर गंजाचे खड्डे असतील, तर उतार आरशासारखा चमकला तरी रेषा दातेरीच राहणार. गोल चाकाच्या कडेवर पाठ सपाट होत नाही. ती सपाट दगडावर, हातानेच करावी लागते. म्हणजे यंत्र घेतलं तरी निम्मी धार हाताकडेच राहिली!

आता उष्णतेचा मुद्दा. बाजारात मिळणारा साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेतो. चाक १५० मिलिमीटरचं असेल तर त्याची कड सेकंदाला २२ मीटर वेगाने धावते. पटाशीचं टोक पातळ, उष्णता जायला जागा नाही. पाहता पाहता ते निळं पडतं. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग आला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि पोलादाचं पाणी उतरलं. रंग घासून काढता येतो, गेलेला कठीणपणा घासून परत येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आत्म्याची चर्चा करताना कुऱ्हाडीचं उदाहरण घेतलं होतं : कुऱ्हाड सजीव असती तर तिचं कुऱ्हाडपण हाच तिचा आत्मा ठरला असता. निळी पडलेली पटाशी दिसते पटाशीच, पण तिच्यात ते उरलेलं नसतं. असो, वर्गात शिरलो आम्ही.

यावर उपाय म्हणजे पाण्यात बुडून हळू फिरणारं चाक. स्वीडनच्या टॉरमेक कंपनीची यंत्रं या जातीची. मोठ्या यंत्राचं चाक २५० मिलिमीटरचं, फेरे मिनिटाला ९०, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर. पोलाद तापतच नाही. पातं पकडणारा साचा कोन धरून ठेवतो; रंध्याला आणि पटाशीला २५ अंश पुरतात. उताराच्या मागे बारीक तार उभी राहिली की धार कडेपर्यंत पोहोचली असं समजावं, मग ती तार चामड्यावर काढून टाकावी. मात्र मोठा तुकडा उडालेलं पातं इथे फार वेळ खातं. घरच्या पाती-पटाश्यांसाठी आम्ही हेच घ्या म्हणू.

प्लेनरची पाती मात्र वेगळी जात. ती बहुधा हायस्पीड स्टीलची असतात, साध्या पोलादापेक्षा बरीच जास्त उष्णता सोसतात. त्यांची खरी अडचण अशी की ती एकेकटी नसतात. समजा, रोटरमध्ये दोन पाती आहेत, तो मिनिटाला ५,००० फेरे घेतो आणि लाकूड मिनिटाला ६ मीटर सरकतं. दोन्ही पाती कापत असतील तर दर ०.६ मिलिमीटरला एक घाव पडतो. एक पातं केसभर खाली राहिलं की दुसरंच कापतं, अंतर १.२ मिलिमीटर होतं, आणि फळीवर लाटा दिसतात. मग लोक म्हणतात धार गेली! धार असतेच, जोडी बिघडलेली असते.

म्हणून या पात्यांसाठी लांब सरकता पाळणा आणि वाटीच्या आकाराचं चाक असलेलं, पाणी सोडत घासणारं मोठं यंत्र लागतं. ओल्या चाकाला लांब पात्यांसाठी जोड मिळतो, पण रोजचा धंदा नसेल तर त्या खटाटोपात पडू नये. असं यंत्र असलेल्या कारखान्यात पाती द्यावीत. देताना सगळा संच एकत्र द्या. एकच पातं घासलं की रुंदी आणि वजन दोन्ही बदलतात, रोटर थरथरतो. परत आल्यावर पट्टी लावून कड सरळ आहे का पाहा. बसवताना वीज तोडा, सरळ लाकडी पट्टी टेबलावर ठेवून रोटर हाताने फिरवा. प्रत्येक पात्याने, दोन्ही टोकांना, ती पट्टी सारखीच पुढे ओढली पाहिजे.