बुद्धिमापन-कसोटी : रचना व मर्यादा

फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी ३० प्रश्नांची बुद्धिमापन-श्रेणी सिद्ध केली. नेहमीच्या अध्यापनाने ज्यांची प्रगती होत नाही, अशी मुले हुडकून त्यांना विशेष साहाय्य द्यावे, हा तिचा हेतू होता. १९०८ साली प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली. विशिष्ट वयाची बहुसंख्य मुले जो प्रश्न सोडवितात, तो त्या वयाचा मानण्यात आला.

चांगली कसोटी कोणती? तेच मूल काही दिवसांनी पुन्हा तपासले असता गुण सुमारे तेच यावेत, ही विश्वसनीयता. जे मोजावयाचे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. पॅरिसच्या मुलांसाठी रचलेला प्रश्न खेड्यातील मुलाला अपरिचित असेल, तर बुद्धीऐवजी परिचयच मोजला जाईल. म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांनी बिने-श्रेणीचे मराठी व कानडी रूपांतर येथील मुलांवर पडताळून पाहिले. त्याचे विवरण १९४० साली प्रसिद्ध झाले.

बुद्धी कायमची ठरलेली असते, या मताचा बिने यांनी १९०९ साली निषेध केला. शिक्षकांनीही हे ध्यानी ठेवावे. कमी गुण पाहून मुलाच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा मारू नये. त्याला कोठे मदत हवी, एवढेच त्यावरून ओळखावे.