वाढत्या हाडाभोवतीचे कडे

दुचाकीच्या मागच्या आसनावर बसलेल्या बालकाचा पाय चाकाच्या स्पोकमध्ये अडकणे, हा आपल्याकडील नित्याचा अपघात आहे. पाठशाळेला निघालेले मूल, पायात सैल चप्पल आणि चाकाला जाळी नसलेले वाहन, एवढे त्यास पुरेसे होते. घोट्याच्या आतील बाजूची कातडी सोलवटते, रक्त येते. परंतु एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसत नाही. मलमपट्टी होते, काही आठवड्यांत जखम भरते आणि प्रसंग विस्मरणात जातो. वर्ष-दीड वर्षाने आईच्या ध्यानात येते की, त्या पायाच्या चपलेची बाहेरची कड अधिक झिजते आहे आणि टाच आत वळू लागली आहे. हाड मोडलेच नव्हते, तर ते वाकडे का वाढले?

याचे उत्तर समजण्यासाठी हाड वाढते कसे, हे आधी पाहावयास हवे. हातापायांची लांब हाडे मधून ताणली जाऊन वाढत नाहीत. त्यांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ व लवचीक ऊतीची, एक पातळ चकती असते. तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. मराठीत वृद्धिपट्टिका म्हणता येईल. तिच्यातील पेशी विभागतात, नाण्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक रचल्या जातात, फुगतात, आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होते. गुडघ्याच्या वरची पट्टिका मांडीच्या हाडाची लांबी वर्षाला सुमारे ९ मिलिमीटरने वाढवते. पौगंडावस्था संपताना या पट्टिका हाडात विलीन होतात आणि उंची थांबते.

एवढे शालेय पुस्तकातही असते. पट्टिकेच्या परिघावर काय आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रांव्हिए यांनी १८७३ मध्ये पट्टिकेच्या कडेने फिरणारी, पाचरीच्या आकाराची, पेशींनी गच्च भरलेली एक खाच वर्णन केली. विसाव्या शतकात बेल्जियमचे पिअर लाक्रुआ यांनी त्याच कडेवरील तंतुमय व अस्थिमय कड्याचा अभ्यास केला. खाच आणि कडे आज या दोघांच्या नावांनी ओळखली जातात. दोहोंची कामे वेगळी आहेत. पट्टिका लांबी देते, परंतु मूल मोठे होताना ती रुंदही व्हावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या नव्या पेशींचा पुरवठा खाचेतून होतो. कडे हे पिंपाला घातलेल्या लोखंडी पट्टीसारखे बाहेरून आवळून धरते, म्हणजे पट्टिका आडव्या दाबाने सरकत नाही. हेच कडे पुढे हाडाच्या दांड्यावरील आवरणाशी, पेरिऑस्टियमशी, अखंड जोडलेले असते.

या आवरणाच्या अभ्यासाला एका रंगाऱ्याच्या घरातून चालना मिळाली, हे कापडाच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या कुटुंबांना रंजक वाटेल. छीट रंगवण्यासाठी वापरलेल्या मंजिष्ठेचा कोंडा खाल्लेल्या डुकरांची हाडे लाल झाल्याचे लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चर यांना आढळले व १७३६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे फ्रान्सच्या दुहामेल यांनी जनावरांना काही काळ मंजिष्ठा देऊन, काही काळ थांबवून पाहिले, तेव्हा हाडात लाल व पांढरे थर आळीपाळीने दिसले. हाड बाहेरच्या आवरणाखाली थराथराने जाड होते, हे त्यातून उमगले. प्राण्यांच्या जिवावर मिळवलेले हे ज्ञान आपल्या वाचकांस सुखावह वाटणार नाही; तथापि वैद्यकाचा इतिहास तसाच घडला आहे.

लांबीच्या वाढीवरही या आवरणाचा लगाम असतो. ते दोन्ही टोकांना घट्ट बांधलेले असल्यामुळे ताणलेल्या अस्तनीसारखे वाढीला किंचित रोखून धरते. लहान मुलाच्या मांडीचे हाड मधोमध मोडून जुळले की, तो पाय पुढे सुमारे एक सेंटिमीटर अधिक वाढतो, हा अस्थितज्ज्ञांचा नेहमीचा अनुभव आहे. जखमेमुळे वाढलेला रक्तपुरवठा हे त्याचे एक कारण, आणि फाटलेल्या आवरणाचा सैल झालेला ताण हे दुसरे मानले जाते. म्हणून अशा मुलाची हाडे प्लास्टरमध्ये थोडी एकमेकांवर चढलेली राहिली, तरी डॉक्टर घाबरत नाहीत. पालकांनीही घाबरू नये.

आता प्रारंभीच्या घोट्याकडे वळू. मुलांच्या वृद्धिपट्टिकेच्या दुखापतींची सर्वमान्य वर्गवारी टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर व हॅरिस यांनी १९६३ मध्ये मांडली. तीत पाच प्रकार होते. सहावा प्रकार मर्सर रँग यांनी जोडला, आणि तो या कड्याच्या इजेचा आहे. स्पोकमुळे खरवडलेला घोटा हे त्याचे ठळक उदाहरण. खोल भाजल्यानेही असेच होऊ शकते. कडे खरवडले गेले की, त्या जागी भरून येताना पट्टिकेच्या वरच्या व खालच्या हाडांमध्ये एक छोटा अस्थिपूल तयार होतो. पूल झालेली कड वाढायची थांबते, उरलेली पट्टिका मात्र वाढत राहते, आणि हाड पुलाच्या बाजूला झुकते. दाराच्या एका बाजूस बिजागरी असावी, तसा हा प्रकार आहे. मूल जितके लहान, तितकी वाढ अधिक शिल्लक आणि तितका झुकावही अधिक.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, केवळ काळी फट दिसते. म्हणून पहिले चित्र निर्दोष आले, तरी घोट्याच्या खोल जखमेची तपासणी सहा महिन्यांनी व पुन्हा वर्षाने, दोन्ही पायांची चित्रे शेजारी ठेवून व्हावी. त्या वेळी हाडात पट्टिकेजवळ एक पांढरी आडवी रेघ अनेकदा दिसते. दुखापतीच्या सुमारास मंदावलेल्या वाढीची ती खूण असते. रेघ पट्टिकेला समांतर असेल तर वाढ सरळ चालू आहे; एका बाजूस पट्टिकेला जाऊन टेकत असेल, तर तेथे पूल असल्याचा संशय घ्यावा.

हाडवैद्याकडे मुलाला नेण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. त्यांच्या पिढीजात हातखंड्याबद्दल अनादर नाही; परंतु सांध्याजवळ दुखावलेल्या मुलाच्या हाडाला चोळणे, ओढणे आणि आठवडा-दहा दिवसांनंतर पुन्हा बसवू पाहणे पट्टिकेला घातक ठरते. कधी फाटलेले आवरणच फटीत अडकलेले असते, आणि मग बाहेरून कितीही ओढले तरी हाड जागेवर बसत नाही.

मोठ्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. बालपणी पट्टिकेच्या बळकटीत कड्याचा वाटा मोठा असतो; वयाबरोबर तो घटत जातो, असे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाविषयी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. नेमक्या याच काळात उंची आणि वजन झपाट्याने वाढते. कडे पातळ आणि भार मोठा, अशा स्थितीत दहा ते सोळा वर्षांच्या, विशेषतः स्थूल मुलांत, खुब्याच्या गोळ्याची पट्टिका हळूहळू सरकू शकते. शिकवणीचे वर्ग, मैदानाशी तुटलेला संबंध आणि डब्यातील फरसाण यांच्यामुळे असे वजनदार किशोर आपल्या घरांत दुर्मीळ राहिलेले नाहीत. फसगत अशी की, दुखते बहुधा मांडीत किंवा गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि मलम मिळते. मूल मात्र लंगडत राहते, पाऊल बाहेर वळवून चालते. अशा मुलाच्या खुब्याचे चित्र त्याच आठवड्यात काढावे. पायावर भारच टाकता येईनासा झाला, तर तो त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचा प्रसंग समजावा, कारण गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात असतो. वेळीच समजल्यास एका स्क्रूने गोळा सरकणे थांबवता येते. दुसऱ्या खुब्यावरही वाढ संपेपर्यंत लक्ष ठेवावे लागते.

घोट्यातील पुलावरही उपाय आहे. फिनलंडचे शल्यचिकित्सक लांगेनस्कॉल्ड यांनी १९६७ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीने पूल कोरून काढतात आणि पोकळीत रुग्णाच्याच शरीरातील चरबी भरतात, म्हणजे पूल पुन्हा होत नाही. कडेचा पूल मधल्या पुलापेक्षा हाती लागण्यास सोपा असतो. मात्र पुलाने पट्टिकेचा निम्म्याहून कमी भाग व्यापलेला असावा आणि वाढीची निदान दोन वर्षे शिल्लक असावीत, असा सर्वसाधारण नियम आहे. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी संपते. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला जेथे अवकाश असतो, तेथे बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत दार बहुधा मिटत आलेले असते.